चिमूटभर केस, थेंबभर शिसे

गेल्या अंकात या सदरात हरणाच्या शेपटीचे केस बांधून घरीच केलेल्या जिगविषयी चार ओळी आल्या होत्या. जिग म्हणजे गळाच्या मानेवर शिशाचे डोके ओतलेले आमिष. डोक्यामागच्या आखूड दांड्यावर, म्हणजे कॉलरवर, केस किंवा पिसे दोऱ्याने आवळली की केसांचा जिग तयार होतो. एवढ्यावरून अमेरिका आणि कॅनडातल्या मराठी वाचकांची, शिवाय ठाण्या-पुण्याहूनही बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा नॅशव्हिलला असतो आणि सुट्टीच्या दिवशी 'बास' धरायला जातो. हा बास म्हणजे आपला जिताडा, की हॉटेलात मिळतो तो बासा? (ठाणे)

उत्तर : दोन्ही नव्हे. बासा हा व्हिएतनामकडून येणारा, मिशा असलेल्या माशांच्या जातकुळीतला मासा आहे. जिताड्याला इंग्रजीत 'एशियन सी बास' म्हणतात खरे, पण तो खाडीचा मासा आहे आणि अमेरिकी बासाशी त्याचे जवळचे नाते नाही. आपले चिरंजीव ज्याच्या मागे आहेत तो सनफिश कुळातला, मायक्रोप्टेरस प्रजातीचा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा होय. त्याच्या दोन जाती विशेष प्रसिद्ध आहेत. लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, तर स्मॉलमाउथचा डोळ्याखालीच थांबतो आणि त्याच्या तपकिरी अंगावर उभे पट्टे दिसतात. स्मॉलमाउथचा जागतिक विक्रम ११ पौंड १५ औंसांचा, म्हणजे साधारण ५.४ किलोचा आहे. तो मासा १९५५ साली डेव्हिड हेज यांनी टेनेसी आणि केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो जलाशयात धरला. हा जलाशय नॅशव्हिलहून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे, त्यामुळे मुलगा शनिवारी पहाटे फोन उचलत नसेल तर काळजी करू नये.

प्रश्न : दुकानात मऊ प्लास्टिकच्या अळ्या आणि खेकडे पाकिटाने मिळतात. मग केसांचा जिग कशासाठी? स्वस्त पडतो म्हणून का? (ट्रॉय, मिशिगन)

उत्तर : स्वस्त पडतो असे समजून ज्यांनी सामान घ्यायला सुरुवात केली, त्यांनी पहिल्या वर्षाचा हिशेब घरच्यांना दाखवू नये. केसांचा खरा फायदा थंड पाण्यात होतो. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की प्लास्टिक ताठर होते, आणि थंड रक्ताच्या बासाची भूकही मंदावते. तो आमिषाचा पाठलाग करत नाही, समोर आलेल्या घासाकडे बघत राहतो. अशा वेळी रॉड अजिबात न हलवताही ज्याच्यात हालचाल राहते असे आमिष लागते. मॅराबू, म्हणजे टर्की पक्ष्याचे अतिशय तलम पीस, नुसत्या पाण्याच्या ओढीने आत-बाहेर होते. हरणाच्या शेपटीचे केस मुळाशी पोकळ असतात. ते पाण्याला थोडा विरोध करतात, जिग सावकाश खाली जातो, आणि थांबल्यावर केस क्षणभर पसरून पुन्हा मिटतात. मासळी श्वास घेते आहे असा भास त्यातून होतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. उन्हाळ्यात दाट वनस्पतींत केसांचा जिग चालत नाही. त्याचा गळ उघडा असतो आणि तो दर फेकीला पाला घेऊन येतो. प्लास्टिकला मीठ आणि वास लावलेला असतो, त्यामुळे मासा ते तोंडात धरून ठेवतो. केस मात्र तो पटकन थुंकतो. म्हणून केसांचा जिग वापरणाऱ्याचे लक्ष दोरीवरून हलता कामा नये.

प्रश्न : मी बांधलेला जिग केरसुणीसारखा फुलतो, आणि दहा-बारा फेकींत केस गळू लागतात. दोरा घट्ट आवळूनही फरक पडत नाही. काय चुकते? (नॉक्सव्हिल, टेनेसी)

उत्तर : आपण पत्रासोबत छायाचित्र पाठवले, हे फार बरे झाले. आपल्या १/४ औंसाच्या जिगवर जेवढे केस आहेत तेवढ्यांत चार जिग झाले असते. दोन्ही तक्रारींचे मूळ तेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शेपूट हातात घेऊन पाहिल्यास बुडाकडचे केस जाड, भरड आणि पोकळ लागतील, तर टोकाकडचे बारीक आणि भरीव. पोकळ केसावर दोरा आवळला की तो तिथे चेपतो आणि त्याचे मोकळे टोक काटकोनात उभे राहते. केरसुणी होते ती यामुळे. 'आणखी घट्ट' आवळल्याने ती वाढतच जाते. म्हणून जिगसाठी शेपटीचा टोकाकडचा दोन-तृतीयांश भाग वापरावा, आणि बुडाचे केस ज्यांना मुद्दाम फुललेले डोके हवे असते अशा कामांसाठी ठेवून द्यावेत.

केस कातडीलगत कापावेत. झुबका टोकांकडून चिमटीत धरून मुळांकडचा भाग बारीक दातांच्या फणीने विंचरावा. आपल्याकडे उवा काढायला वापरत ती फणी या कामाला दुकानातल्या महागड्या कंगव्याइतकीच चांगली आहे. विंचरताना आखूड केस आणि लोकर गळून पडते. ही लोकर राहिली तर दोरा तिच्यावर बसतो, लांब केसांना पकडतच नाही, आणि चार मासे झाल्यावर झुबक्याच्या मधले केस सुटू लागतात. आपल्या जिगचे केस गळण्याचे एक कारण बहुधा हेच असावे.

दुसरे कारण झुबक्याच्या जाडीचे आहे. जाड झुबक्यात दोरा फक्त बाहेरच्या केसांना आवळतो, आतले केस बाहेरच्यांच्या भरवशावर असतात. म्हणून एक मोठा झुबका कधीच बांधू नये. चिमटीत दाबल्यावर आगकाडीइतका जाड होईल असा झुबका घ्यावा, आणि असे तीन किंवा चार झुबके कॉलरभोवती एकामागून एक बसवावेत. प्रत्येकाला दोऱ्याचे स्वतंत्र चार-पाच वेढे द्यावेत. रंगवलेली कॉलर गुळगुळीत असते, त्यामुळे केस लावण्याआधी तिच्यावर दोऱ्याचा एक थर गुंडाळून त्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब टाकावा. दोरा मेण लावलेला, चपटा, २१० डेनिअरचा (डेनिअर हे दोऱ्याच्या जाडीचे माप) नायलॉनचा घ्यावा. शिवणयंत्राचा सुती दोरा पाणी पितो आणि कुजतो.

आता वेढे कसे द्यायचे ते पाहू, कारण हात इथेच बसावा लागतो. झुबका अंगठा आणि तर्जनीत धरून कॉलरच्या वरच्या बाजूला ठेवावा. दोरा बोटांच्या मधून वर नेऊन पलीकडून खाली आणावा, आणि असे दोन वेढे सैलच द्यावेत. मग बॉबिन, म्हणजे दोऱ्याचे रीळ धरणारे अवजार, सरळ खाली ओढून ते आवळावेत. पहिलाच वेढा घट्ट दिला तर दोऱ्याबरोबर सगळा झुबका पलीकडच्या बाजूला घरंगळत जातो आणि जिग एका अंगाला केसाळ, दुसऱ्या अंगाला टकला होतो. शिशाच्या डोक्यालगतचे वेढे पूर्ण ताकदीचे असावेत आणि गळाच्या वाकाकडे सरकताना ताण कमी करत जावा. शेवटचा वेढा केसांना नुसता मिठी मारणारा असावा. केस फुलू नयेत यासाठी एवढी एक गोष्ट जमली तरी निम्मे काम होते.

लांबीचा अंदाज असा : केसांची टोके गळाच्या वाकामागे, गळाच्या दांडीची लांबी जेवढी, साधारण तेवढीच बाहेर राहावीत. टोके एका रेषेत आणण्यासाठी कात्री चालवणे हा मात्र अपराध आहे. केसाचे नैसर्गिक टोक निमुळते असते आणि पाण्यात तेच थरथरते. ते कापले की लहानपणी डोक्यावर वाटी ठेवून कापलेल्या केसांसारखी झालर उरते. लांबी कमी-जास्त करायची असेल तर ती मुळाकडून करावी.

शेवटी पाच-सहा वेढ्यांची आत दडणारी गाठ मारून दोरा कापावा आणि वेढ्यांवर रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. ते घरातले असल्यास विचारून घ्यावे. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये.

मग जिग पाण्याच्या बादलीत सोडून पाहावा. कोरडा जिग नेहमीच जास्त देखणा आणि गुबगुबीत दिसतो, आणि दुकानातले बरेच जिग गिऱ्हाइकासाठी बांधलेले असतात. ओला झाल्यावर तो मिटून पेन्सिलीएवढा झाला पाहिजे आणि दोरी हलवली की केस सुटे सुटे हलले पाहिजेत. ओला होऊनही तो ब्रशसारखाच राहिला तर ब्लेडने दोरा कापून केस काढावेत आणि पुन्हा बांधावा. पहिले दहा-बारा जिग असेच उसवण्यात गेले तरी डोके आणि गळ वाया जात नाहीत.

प्रश्न : आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो, मुलगी चार वर्षांची आहे. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर शिसे वितळवून जिगची डोकी ओतली तर चालेल का? (नॅशुआ, न्यू हॅम्पशर)

उत्तर : चालणार नाही, आणि आपल्या राज्यात तर त्याचा उपयोगही नाही. न्यू हॅम्पशरमध्ये एक औंस किंवा त्याहून कमी वजनाची शिशाची वजने आणि जिग गोड्या पाण्यात वापरण्यास बंदी आहे, आणि बासासाठी बांधले जाणारे जवळजवळ सगळे केसांचे जिग त्या मर्यादेतच येतात. यामागे लून हा पाणपक्षी आहे. तो पचनासाठी गिळलेल्या खड्यांबरोबर शिशाचे तुकडेही गिळतो, किंवा दोरी तुटून गळ तोंडात राहिलेला मासा गिळतो, आणि पोटातले शिसे झिजून रक्तात गेल्यावर तो मरतो. मॅसॅच्युसेट्समध्येही अंतर्गत गोड्या पाण्यात एक औंसाखालच्या शिशाला मनाई आहे, आणि कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमच्या आतली शिशाची वजने आणि जिग चालत नाहीत.

कायदा नसता तरी उत्तर हेच राहिले असते. लहान मुलांच्या शरीरात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याची धूळ आणि मळी स्वयंपाकाच्या ओट्यावर नको. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची तत्क्षणी वाफ होऊन वितळलेले शिसे चहूकडे उडते. ज्यांच्याकडे मोकळी पडवी, कोरडा साचा, जाड हातमोजे आणि चष्मा आहे त्यांनी ते काम करावे. आपण बिस्मथ आणि कथलाच्या मिश्रणाची किंवा टंगस्टनची तयार डोकी विकत आणावीत. बिस्मथ शिशापेक्षा हलके असते, म्हणून त्याच वजनाचे डोके किंचित मोठे दिसते, आणि खडकावर आपटले तर त्याचा टवका उडू शकतो. टंगस्टन शिशापेक्षा बरेच जड असते, त्यामुळे डोके लहान होते आणि तळाचा स्पर्श हाताला स्वच्छ कळतो. मात्र ते महाग पडते.

रंगाविषयी आपण विचारलेच आहे. डोके गरम करून क्षणभर रंगाच्या भुकटीत बुडवावे, नेढ्यात भरलेला रंग तो गरम असतानाच सुईने काढून टाकावा आणि मग साधारण १७५ अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटे भट्टीत भाजावे. त्याआधी बिस्मथच्या डोक्याच्या विक्रेत्याला तापमान विचारून घ्यावे, कारण काही मिश्रणे याहून कमी तापमानाला वितळतात. भट्टी वेगळी, जुनी असावी. त्यात पुन्हा पाव भाजू नये.

प्रश्न : बागेत ब्लू जे पक्ष्याची सुंदर पिसे पडलेली मिळतात. आई गावाहून येताना मोरपिसे आणू शकेल. घरात गोल्डन रिट्रीव्हर आहे, त्याचे केसही भरपूर गळतात. यातले काय वापरावे? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : तिन्हींत कायद्याने निर्धोक असा फक्त आपला कुत्रा आहे. ब्लू जे सारख्या अमेरिकेतल्या बहुतेक रानपक्ष्यांची पिसे, जमिनीवर पडलेली सापडली तरी, १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यानुसार बाळगता येत नाहीत. कोंबडी आणि टर्कीची पिसे चालतात. परवान्याने शिकार केलेल्या रानबदकांची आणि हंसांची पिसे मासेमारीच्या माश्या, म्हणजे किड्यांसारखी दिसणारी कृत्रिम आमिषे, बांधायला वापरण्याची मुभा त्याच नियमांत आहे. मोरपिसांची निर्यात भारतातून करता येत नाही, तेव्हा आईंना ती बॅगेत घालायला सांगू नये. मोरपिसाचे हिरवट-सोनेरी धागे अशा माश्या (फ्लाय) बांधण्याच्या सामानाच्या दुकानात विकत मिळतात. असे तीन-चार धागे केसांवरून दोन्ही बाजूंना सोडले की जिगला लहान मासळीच्या पाठीची झाक येते.

कुत्र्याच्या गळणाऱ्या केसांत बहुतेक आतली लोकर असते. ती पाण्यात नमद्यासारखी चिकटते. त्याच्या शेपटीच्या झालरीतले लांब केस मात्र वापरून पाहण्यासारखे आहेत. ते हरणाच्या केसांसारखे तरंगत नाहीत, पण लहान जिगवर छान लोंबतात.

ओळखीच्या शिकाऱ्याकडून हरणाची शेपटी मिळत असेल तर आपल्या राज्याचे नियम पाहून ती जरूर घ्यावी. आतले हाड काढून मीठ किंवा बोरॅक्स चोळून ती सुकवावी, मग भांड्यांच्या साबणाने धुवावी. पांढरी बाजू लोकरीच्या रंगात व्हिनेगर घालून रंगवता येते. पाणी कढत असावे, उकळते नको; उकळत्या पाण्यात कातडी आखडते आणि केस वाकडे होतात.

प्रश्न : लेक सेंट क्लेअरवर मे महिन्यात शेजारच्या होडीतले लोक छोट्याशा काळ्या जिगवर एकामागून एक स्मॉलमाउथ धरत होते. तोच जिग मी टाकला, तर टप्पूसुद्धा, म्हणजे माशाचा एक झटकासुद्धा, लागला नाही. (विंडसर, ओंटारिओ)

उत्तर : जिग तोच असेल, पण आपण तो उडवत होता, हे आपल्याच वर्णनावरून कळते. त्या लोकांच्या हातात बहुधा ३/३२ औंसाचा, म्हणजे जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा काळ्या मॅराबूचा जिग असावा. त्याला झटके द्यायचे नसतात. फेकल्यावर तो तळाला जाण्याआधीच रीळ फिरवायला सुरुवात करावी, रॉडचे टोक वर ठेवावे आणि एकसारख्या मंद गतीने तो पाण्याच्या मधल्या थरातून आणावा. एवढा कंटाळवाणा प्रकार आमच्या स्वभावाला मानवत नाही, म्हणून आम्हीही पहिला एक मोसम मध्येमध्ये 'जरा हलवून' वाया घालवला. पिसांची हालचाल पुरेशी असते. हाताच्या हालचालीने ती मिटतात आणि आमिष काडीसारखे दिसते.

इतके हलके आमिष लांब जाण्यासाठी साडेसात-आठ फुटांचा लवचीक स्पिनिंग रॉड, ८ ते १० पौंडांची बारीक विणलेली दोरी आणि तिच्या पुढे ६ ते ८ पौंडांचा फ्लुरोकार्बनच्या दोरीचा लांब तुकडा लागतो. लांब फेकणे येथे गरजेचेच आहे. सेंट क्लेअर उथळ आहे, सरासरी साडेतीन मीटरच्या आसपास, आणि १९८८ साली ग्रेट लेक्समध्ये झेब्रा शिंपले प्रथम सापडले तेही याच सरोवरात. हे शिंपले पाणी गाळून काढतात. पाणी इतके नितळ झाले की मासा होडी लांबून पाहतो. टप्पू लागला की दोरी नुसती जड होते, चिखलात अडकल्यासारखी. तेव्हा झटका न देता रीळ फिरवतच राहून रॉड बाजूला ओढावा, कारण या जिगचा गळ बारीक तारेचा असतो.

काळाच रंग का, यावर मच्छीमारांत वाद आहेत. जळू, पाणकिडे, नुसती आकाशावरची गडद सावली, अशी अनेक उत्तरे ऐकू येतात. आमच्या मते सावलीचे उत्तर जास्त पटणारे आहे, कारण जळवा नसलेल्या पाण्यातही काळा रंग चालतो.

मासे खोल पाण्यात गेल्यावर हाच जिग कपाटात ठेवावा. तेव्हा १/४ किंवा ३/८ औंसाचा तपकिरी-शेवाळी बकटेल, म्हणजे हरणाच्या शेपटीच्या केसांचा जिग, तळावरून सरपटत आणावा. १९९० च्या सुमारास आलेला राउंड गोबी हा छोटा परका मासा आता तिथल्या स्मॉलमाउथचे मुख्य खाद्य झाला आहे. गोबीला हवेची पिशवी नसते, तो तळाला चिकटूनच राहतो, म्हणून त्याची नक्कल करणारा जिग तळ सोडून वर आला की खोटा ठरतो.

प्रश्न : गंटर्सव्हिल सरोवरात जूनमध्ये सगळे 'लेज'वर मोठे पांढरे केसांचे जिग टाकतात. तिथे मंद गतीचा नियम लागू होतो का? (हंट्सव्हिल, अलाबामा)

उत्तर : नाही, तिथे नेमके उलटे करायचे. १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली ॲथॉरिटीने टेनेसी नदीवर धरणांची माळ बांधली, आणि गंटर्सव्हिल धरण १९३९ साली पूर्ण झाले. जुन्या नदीपात्राचे काठ आता पाण्याखाली आहेत. उथळ सपाटी संपून पात्र एकदम खोल होते त्या कडेला लेज म्हणतात. विणीनंतर लार्जमाउथचे थवे या कडांवर शॅड मासळीची वाट पाहत थांबतात. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की प्रवाह सुरू होतो, शॅड वाहत येते आणि मासे खायला लागतात. म्हणून घरून निघण्यापूर्वी हवामानापेक्षा धरणातून पाणी सोडण्याचे वेळापत्रक पाहावे.

जिग १/२ ते ३/४ औंसाचा, गळ ५/० मापाचा, बकटेलवर कोंबड्याच्या मानेची लांब पिसे बांधून पाच-सहा इंच लांबी केलेली. 'प्रीचर जिग' म्हणतात तो हाच प्रकार. प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेकून तो तळाला जाऊ द्यावा, मग रॉड झटकन वर उचलून तळावरून तीन-चार फूट उडवावा आणि दोरी किंचित ताणात ठेवून खाली पडू द्यावा. टप्पू जवळजवळ नेहमी पडताना लागतो. दोरी पूर्ण सैल सोडली तर तो कळत नाही, पूर्ण ताठ ठेवली तर जिग सरळ खाली न पडता आपल्याकडे झुलत येतो. गंटर्सव्हिलमध्ये वनस्पती भरपूर आहेत, त्यामुळे पाल्याच्या बाहेरची, शिंपल्यांची टणक जागा शोधावी. रॉडमधून वाळूसारखी करकर जाणवली की तीच ती.

प्रश्न : फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, लावून केसांचा जिग नुसता टांगून ठेवतात असे ऐकले. हे खरे का? (लुइव्हिल, केंटकी)

उत्तर : खरे आहे, आणि डेल हॉलोसारख्या खोल, नितळ जलाशयांत जानेवारीत याहून परिणामकारक पद्धत आम्हांला माहीत नाही. पाणी १० अंशांखाली गेले की बारीक शॅड गारठून अर्धमेली होते आणि पाण्यात जागच्या जागी थरथरत राहते. स्मॉलमाउथ खडकाळ कड्यांजवळ मधल्या थरात तरंगत तिची वाट पाहतात. १/१६ औंसाचा, बदकाच्या पिसांचा किंवा कृत्रिम केसांचा जिग फ्लोटखाली आठ ते बारा फुटांवर टांगायचा. फ्लोट एका जागी पक्का बांधलेला असतो, म्हणजे फेकताना दहा फूट दोरी रॉडच्या टोकाखाली लोंबते. म्हणूनच रॉड नऊ-दहा फुटांचा लागतो.

गाठ नेढ्याच्या वरच्या टोकाला सरकवून जिग आडवा राहील असा करावा. तोंड वर करून लटकणारी शॅड खोटी आहे हे मासा ओळखतो. लाटा असतील तर हात लावू नये. पाणी स्थिर असेल तर रॉडचे टोक किंचित कापरे करावे. फ्लोट बुडण्याची वाट पाहत बसणाऱ्याचे निम्मे मासे जातात. फ्लोट आडवा पडला तरी मासा लागलेला असतो, कारण त्याने जिग खालून उचलल्यामुळे वजनच नाहीसे झालेले असते.

प्रश्न : पुण्याजवळच्या धरणांत मरळीसाठी असा जिग चालेल का? केस कुठले वापरावेत? (पुणे)

उत्तर : मरळ आमिषावर झेपावते, परंतु ती पाल्यात राहते आणि उघड्या गळाचा जिग तिथे अडकतो. मोकळ्या पाण्याच्या कडेला करून पाहावे. हरीण, सांबर किंवा कोणत्याही वन्य प्राण्याचे केस वापरू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. बोकडाच्या अंगावरचे लांब केस उत्तम, आणि ते खाटकाकडे फुकट मिळतात. ते पोकळ नसल्यामुळे फुलत नाहीत, म्हणून नवशिक्याला बांधायलाही सोपे जातात. धरणातली मासेमारी अनेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. आधी त्यांची परवानगी घ्यावी.

प्रश्न : हिवाळ्यात बांधलेले जिग वसंतात उघडले, तर गळ गंजलेले आणि केस तुटलेले. असे का? (कोलंबस, ओहायो)

उत्तर : ओला जिग झाकणबंद डबीत ठेवल्यामुळे गळ गंजतो. आमचे एका हंगामाचे सोळा पांढरे जिग असेच विटकरी झाले होते. घरी आल्यावर डबी उघडी ठेवून जिग रात्रभर वाळवावेत, आणि केस ओले असतानाच हाताने सरळ करावेत. वाकलेल्या अवस्थेत वाळले तर किटलीच्या वाफेवर धरून सरळ होतात.

केस तुटलेले म्हणता ती कसर असणार. लोकरी शालींना लागते तीच. न वापरलेल्या शेपट्या घट्ट पिशवीत घालून आठवडाभर डीपफ्रीझरमध्ये ठेवाव्यात, एक दिवस बाहेर काढाव्यात आणि पुन्हा आठवडाभर आत ठेवाव्यात. पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहायला विसरू नये. डांबरगोळ्या शेपट्यांच्या खोक्यात चालतील, पण बांधलेल्या जिगच्या डबीत नकोत. तो वास केसांतून अनेक दिवस जात नाही.